काकांच्या फोनवर काळा चौकोन: घरी केलेलं ॲनिमेशन ब्राउझरमध्ये नीट चालवायचं कसं

गणपती आठवड्यावर आले होते. परळच्या आमच्या मंडळासाठी मी बारा सेकंदांचं ॲनिमेशन केलं होतं. उंदीरमामा पाटावरून उडी मारतात, ताटातला मोदक पळवतात, जाता जाता मागे वळून बघतात आणि मागच्या पाटीवर आगमनाची तारीख उमटते. एवढंच. पण एवढ्यासाठी ऑफिसातून आल्यावर रोज रात्री बसून १४४ चित्रं काढली होती. मंडळाच्या पेजवर चढवलं, लॅपटॉपवर दहादा बघितलं, ग्रुपवर लिंक टाकली आणि झोपले. साडेअकराला खजिनदार काकांचा फोन. "अगं, नुसता काळा चौकोन दिसतोय. उंदीर कुठाय?"

उंदीर फाइलमध्येच होता. फक्त त्याचे रंग ज्या पद्धतीने साठवले होते, ती काकांच्या फोनला वाचता येत नव्हती. ती पद्धत मी निवडलेलीही नव्हती, सॉफ्टवेअरने आपली आपणच निवडली होती. माझ्या लॅपटॉपवरच्या क्रोमला ती चालत होती, त्यामुळे मला कळायचा काही मार्गच नव्हता.

त्या रात्री जे हाताशी हवं होतं ते इथे लिहितेय. ॲनिमेशन काढायचं कसं, ते या लेखात नाही. काढून झालेलं ॲनिमेशन दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याच्या नेटवर कसं चालेल, तेवढंच आहे. आणि हो, टॅगची (म्हणजे पेजच्या कोडमधल्या खुणांची), सेटिंगची आणि फाइलींची नावं मी नागरीत लिहितेय. टॅग आणि फाइलींची नावं टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

तुमच्याकडे नक्की आहे काय?

चित्रं हाताने काढलेली असोत, ब्लेंडरमध्ये रेंडर केलेली असोत, की मातीची बाहुली हलवत मोबाइलवर एकेक फोटो घेतलेले असोत, त्याचा व्हिडिओच करायचा. नवख्या माणसाचं बहुतेक काम यातच येतं आणि हा लेखही मुख्यतः त्याबद्दल आहे. नुसता लोगो हलवायचा असेल, अक्षरं सरकवायची असतील, तर व्हिडिओ न करता ते कोडने केलेलं बरं. त्यातले दोन-तीन खड्डे शेवटी सांगते. जिफचा मोह टाळा, तेही शेवटी येईल.

आणि कोणाकडे फ्लॅश या वेबवरच्या ॲनिमेशनच्या जुन्या तंत्रातल्या फाइली असतील तर वाईट बातमी जुनीच आहे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने स्वतःच फ्लॅशच्या फाइली चालवणं बंद केलं. मुंबईत एके काळी गल्लोगल्ली क्लासेसमध्ये फ्लॅश शिकवायचे. तेव्हाचं कितीतरी काम सीडींमध्ये पडून असेल. मूळ प्रोजेक्ट फाइल असेल तर ती अडोबी ॲनिमेटमध्ये उघडून व्हिडिओ काढा. फक्त तयार फाइलच उरली असेल तर रफल नावाचं मोफत साधन ती ब्राउझरमध्ये चालवू शकतं. जुन्या साध्या फाइली त्यात छान चालतात. ॲक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या कोडच्या भाषेत केलेल्या गुंतागुंतीच्या फाइली मात्र रुसू शकतात.

मास्टर चित्रांचाच ठेवा

पहिली पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच ती गाळली जाते. सॉफ्टवेअरमधून थेट व्हिडिओ काढू नका. आधी प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र काढा: उंदीर-०००१, उंदीर-०००२ असं ओळीने, सगळे आकडे चार अंकी. क्रिटा, ब्लेंडर, ओपनटून्झ, सिनफिग, पेन्सिल-टूडी, ही सगळी मोफत सॉफ्टवेअर असा फ्रेमचा गठ्ठा काढून देतात. रेंडर चालू असताना वीज गेली तर झालेल्या फ्रेम वाचतात. ७३ व्या फ्रेममध्ये शेपटी रंगवायची राहिली असेल तर तेवढी एकच फ्रेम पुन्हा काढता येते. आणि उद्या व्हिडिओ वेगळ्या मापात हवा झाला, तर दाबून बारीक केलेल्या व्हिडिओला पुन्हा दाबावं लागत नाही. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमासाठी भांडवल उभं करताना वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. तंत्र तेच: एकेक फ्रेम धीराने टिकवायची.

मास्टर, म्हणजे हा मूळ गठ्ठा, काढण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

माप सम आकड्यात हवं. १०८० बाय १०८०, १२८० बाय ७२०, उभ्या फोनसाठी १०८० बाय १९२०, काहीही चालेल, पण १०८१ नको. व्हिडिओत सहसा रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकटीला मिळून एक अशी ठेवलेली असते, त्यामुळे विषम माप आलं की काही सॉफ्टवेअर सरळ नकार देतात आणि काही गुपचूप एक ओळ कापतात. चित्राची कड हाताने कापली की हा घोटाळा हमखास होतो.

सेकंदाला किती फ्रेम, हे एकदा ठरवलं की सगळीकडे तेच ठेवा. मी २४ च्या हिशेबाने काम करते आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हातकामाला एवढं पुरतं. पण २४ ने केलेला २८८ फ्रेमचा तुकडा पुढच्या सॉफ्टवेअरने ३० समजून घेतला, तर बारा सेकंदांचं काम साडेनऊ-पावणेदहा सेकंदांत आटपतं. उंदीर घाईत दिसतो आणि ढोलाचा ठेका सुटतो. चूक ओळखू येत नाही, फक्त काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवतं.

तिसरी गोष्ट फिरत राहणाऱ्या ॲनिमेशनची. शेवटची फ्रेम पहिल्यासारखीच असेल तर ती एक्स्पोर्टमधून वगळा. २४ फ्रेमचं आवर्तन असेल आणि २५ वी पहिलीसारखी असेल, तर १ ते २४ एवढ्याच काढा. नाहीतर प्रत्येक फेरीला एक फ्रेम दोनदा दिसते आणि डोळ्याला ठेच लागते.

बरणी वेगळी, लोणचं वेगळं

"एमपीफोर आहे ना, मग चालायला पाहिजे," हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलं असेल. एमपीफोर ही बरणी आहे. बरणीवर 'लोणचं' लिहिलंय, पण आत आंब्याचं आहे की लिंबाचं, ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. ब्राउझरला आतल्या मालाशी मतलब.

घरच्या कामासाठी आतला माल असा असू द्या: चित्र दाबून साठवायला एच-२६४, आवाज साठवायला एएसी आणि रंगाची पद्धत ४:२:०, म्हणजे वर सांगितलेली, दोन बाय दोनच्या चौकटीला एक रंग ठेवणारी. एच-२६४ हे २००३ चं मानक आहे. आज हातात असलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनच्या चिपमध्ये ते उलगडायची सोय बसवलेली असते, म्हणून व्हिडिओ चालतोही आणि बॅटरीही फार खात नाही. व्हीपी-९ आणि एव्ही-१ हे नवे प्रकार तेवढ्याच दर्जाला कमी जागा घेतात, पण जुन्या फोनवर त्यांची खात्री नाही. आयफोनवर शूट केलेला व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी प्रकारात असतो. तो पेजवर जसाच्या तसा टाकला तर काहींना दिसतो, काहींना नाही. मातीच्या बाहुल्यांवाल्यांनी याकडे लक्ष द्यावं.

आता माझ्या काळ्या चौकोनाचं कारण. पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण साठवलेला असतो. एफएफएमपेगसारख्या, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाला नुसतं 'याचा व्हिडिओ कर' म्हटलं, की ते इमानाने सगळा रंग जपतं आणि ४:४:४ पद्धतीची फाइल देतं. डेस्कटॉपवरचं क्रोम ती सॉफ्टवेअरच्या जोरावर उलगडतं. फोनच्या चिपला फक्त ४:२:० शिकवलेलं असतं, ती हात वर करते. म्हणून एफएफएमपेगच्या काळ्या खिडकीत काम करणाऱ्यांनी पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही-४२०-पी असा स्वतः लिहायचाच, आणि फ्रेम रेट इनपुटच्या नावाआधी लिहायचा. 'लॉसलेस' हा गोंडस पर्यायही टाळा. एच-२६४ मध्ये त्याला वेगळं प्रोफाइल लागतं आणि फोन पुन्हा हात वर करतो.

४:२:० ची किंमत मात्र मोजावी लागते आणि ती मराठी मजकुराला जरा जास्तच पडते. उजेड-अंधार पूर्ण तपशिलात राहतो, पण रंग आडवा आणि उभा दोन्हीकडे निम्म्या तपशिलात. पिवळ्यावर लाल बारीक अक्षरं लिहिली की शिरोरेषा फुगते, 'श्र' आणि 'क्ष' यांच्या पोटातल्या फटी बुजतात. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर इतकं बिघडत नाही, कारण तिथे फरक रंगाचा नसतो, उजेडाचा असतो. यावर दोन उपाय. एक, अक्षरं जाड आणि मोठी घ्या, आणि पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक ठेवा. दुसरा उपाय माझ्या मते जास्त शहाणपणाचा: मजकूर व्हिडिओत घालूच नका. व्हिडिओत पाटी कोरी ठेवा आणि तारीख-वेळ पेजच्या मजकुरात लिहून वर बसवा. अक्षरं कायम धारदार राहतात, शोधता येतात, ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला वाचता येतात. शिवाय तारीख चुकली तर पुन्हा रेंडर करावं लागत नाही, आणि मंडळाच्या कामात तारीख चुकतेच.

शेंदरी रंग मातकट का होतो, हाही नेहमीचा प्रश्न. चित्रातले रंग व्हिडिओच्या रंगांत बदलायची दोन कोष्टकं आहेत, बीटी-६०१ आणि बीटी-७०९. एकाने बदललं आणि प्लेयरने दुसरं समजून वाचलं, की लाल-केशरी छटा सरकतात. एचडी मापाच्या व्हिडिओला ७०९ ठेवा, म्हणजे गणपतीचा शेंदूर शेंदरीच राहील.

प्रत्यक्ष करायचं कसं

काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर दोन मोफत सॉफ्टवेअर पुरतात: शॉटकट आणि हँडब्रेक.

शॉटकटमध्ये आधी सेटिंग्जमधल्या व्हिडिओ मोडमध्ये तुमचं माप, २४ फ्रेम आणि बीटी-७०९ निवडा. मग फक्त पहिलं चित्र उघडा. प्रॉपर्टीजमध्ये 'इमेज सिक्वेन्स' असा चौकोन आहे, त्यावर टिक करा; बाकीची चित्रं ते आपोआप ओळीने उचलतं. तिथेच रिपीटचा आकडा असतो. प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवायचं असेल तर तिथे २ लिहा. आवाज खालच्या ट्रॅकवर टाका आणि चांगल्या दर्जाचा एमपीफोर एक्स्पोर्ट करा. हा मधला टप्पा आहे, फाइल मोठी झाली तर होऊ दे.

ब्लेंडरवाल्यांनी हेच ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये केलं तरी चालेल. फक्त बऱ्याच आवृत्त्यांत मूळ सेटिंगला मॅट्रोस्का ही बरणी निवडलेली असते, ती बदलून एमपीफोर करा.

आता ही फाइल हँडब्रेकमध्ये टाका. 'फास्ट १०८०पी३०' हा तयार साचा निवडा आणि मग एवढं तपासा. समरीच्या पानावर 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर टिक. डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग बंद. ते उघडं राहिलं तर चित्राच्या कडेचा काळा भाग हँडब्रेक नको असलेली पट्टी समजून कापून टाकतं, आणि रात्रीचं दृश्य असेल तर आकाशच जातं. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच-२६४, फ्रेम रेट 'सेम ॲज सोर्स' आणि तो स्थिर. त्याच पानावर ट्यूनमध्ये 'ॲनिमेशन' असा पर्याय आहे. सपाट रंगांच्या कामाला तो निवडाच, रेषांच्या कडांना किडे लागल्यासारखं दिसतं ते कमी होतं. दर्जाची पट्टी आरएफ २० ते २३ च्या दरम्यान. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. आवाज नसेल तर ऑडिओ ट्रॅक पुसूनच टाका. गोल फिरणाऱ्या व्हिडिओत मुका ट्रॅक ठेवला तरी एएसीच्या सुरुवात-शेवटच्या भरतीमुळे जोडावर झटका बसू शकतो.

त्या 'वेब ऑप्टिमाइझ्ड' बद्दल दोन शब्द, कारण 'व्हिडिओ फिरत राहतो, सुरूच होत नाही' याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. एमपीफोर फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते: कुठली फ्रेम कुठे आहे त्याची. लिहिताना ती साहजिकच शेवटी लिहिली जाते, कारण सगळ्या फ्रेम लिहून झाल्याशिवाय पानांचे आकडे कळत नाहीत. पण ब्राउझरला वाचायला सुरुवात करण्याआधी ती हवी असते. ती शेवटी असेल, तर कधी ब्राउझरला फाइलच्या टोकाला जाऊन ती आणावी लागते, कधी पूर्ण फाइल उतरेपर्यंत बघणारा ताटकळतो. टिक केली की हँडब्रेक ती उचलून पुढे ठेवतं. एफएफएमपेगमध्ये याला फास्टस्टार्ट म्हणतात.

किती मोठी फाइल चालेल? सोपा हिशेब करा. सेकंदाला २ मेगाबिट दर असेल तर १२ सेकंदांचे २४ मेगाबिट, भागिले आठ, म्हणजे ३ एमबी. ऑफिसातून घरी जाताना लोकलच्या दारात उभं राहून लिंक उघडणाऱ्याला एवढं झेपतं. माझी पहिली फाइल ३८ एमबीची होती. काळा चौकोन दिसायलाही लोकांचा डेटा गेला, ते वेगळंच.

पेजवर बसवताना

व्हिडिओ नावाचाच टॅग आहे. त्यात चार शब्द महत्त्वाचे: ऑटोप्ले, म्यूटेड, लूप आणि प्लेजइनलाइन, हा शेवटचा जोडून एकच शब्द. ऑटोप्ले एकटा काही कामाचा नाही. पेज उघडताच आवाज सुरू करणाऱ्या जाहिरातींना लोक इतके वैतागले, की २०१८ मध्ये क्रोमने आवाजासहित आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी फायरफॉक्सनेही. म्यूटेड लिहिलं तर व्हिडिओ आपोआप सुरू होतो. आयफोनवर २०१६ च्या आयओएस १० पासून म्यूटेडसोबत प्लेजइनलाइन असेल तर व्हिडिओ जागच्या जागी चालतो. ते विसरलात तर तो पेज सोडून पूर्ण स्क्रीनवर उघडतो.

ढोल ऐकवायचाच असेल तर हट्ट करू नका. कंट्रोल्स हा शब्द घाला म्हणजे प्लेचं बटण दिसेल, आणि ज्याला ऐकायचंय तो दाबेल. रात्री बाळ झोपलेल्या घरात तुमचा ढोल आपोआप वाजला तर तुम्हालाच शिव्या पडतील.

पोस्टर हा शब्द लोक गाळतात, तो गाळू नका. त्यात पहिल्या फ्रेमचं जेपीजी चित्र द्या. व्हिडिओ येईपर्यंत तेच दिसतं. आणि कधी कधी व्हिडिओ सुरूच होत नाही. आयफोन लो पॉवर मोडमध्ये असेल तर म्यूटेड व्हिडिओसुद्धा आपोआप चालत नाही. संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर कोणाच्या फोनमध्ये बॅटरी असते? तेव्हा पोस्टर असं निवडा, की ते नुसतं चित्र म्हणूनही पुरेसं वाटेल.

रुंदी आणि उंची टॅगमध्ये लिहा, नाहीतर व्हिडिओ उतरल्यावर खालचा मजकूर धाडकन खाली सरकतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं. रोषणाई दाखवताना उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना त्याने झटका येऊ शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी करायला सांगितलेल्यांसाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पेज कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये, वेगळी अट लिहिता येते. त्यांना व्हिडिओ लपवून स्थिर चित्र दाखवा.

चढवताना होणारे घोळ

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: व्हिडिओ टॅगच्या सोर्समध्ये, म्हणजे फाइल कुठे आहे ते लिहायच्या जागी, 'सी ड्राइव्ह, डेस्कटॉप, नवीन फोल्डर' असा पूर्ण पत्ता. तो पत्ता तुमच्या लॅपटॉपचा आहे. तुम्हाला व्हिडिओ दिसतो आणि जगाला दिसत नाही. पेज आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नुसतं फाइलचं नाव लिहा.

नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही, जोडायला आडवी रेघ. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, पण वेबसाइट बहुतेक लिनक्सच्या मशीनवर असतात, तिथे पडतो. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलींचं शेपूट मोठ्या अक्षरांत असतं, तिथे बरेच जण अडकतात.

गूगल ड्राइव्हची शेअर लिंक टॅगमध्ये टाकून काही होत नाही. ती लिंक एका पेजची असते, व्हिडिओ फाइलची नसते. फुकट जागा हवी असेल तर गिटहब पेजेस चांगलं आहे. ब्राउझरमधून चढवताना तिथे एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि ती आपल्या भल्याचीच म्हणायची.

व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ तर अजिबात चढवू नका. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ दाबून बारीक करतं. कार्यकर्त्याकडून फाइल मागवायची तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं स्पष्ट सांगा. दोनदा सांगा.

चाचणी

तुमच्या लॅपटॉपवर चाललं हा पुरावा धरू नका. ही चाचणी दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर होते. आमच्याकडे आता नियम आहे: लिंक ग्रुपवर जाण्याआधी एक स्वस्तातला अँड्रॉइड, एक आयफोन आणि खजिनदार काका. तिन्हीकडे वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू.

फोन हाताशी नसेल तर क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्कच्या पानावर वेग मुद्दाम कमी करायची सोय आहे. तिथेच 'डिसेबल कॅश' वर टिक करा, नाहीतर कालची फाइल आजची समजून बघत बसाल. दुरुस्त केलेली फाइल नव्या नावाने चढवा, उंदीर-२, उंदीर-३. जुन्या नावाने चढवलीत तर ज्यांनी आधी उघडली होती त्यांच्या फोनमध्ये काळा चौकोन साठवलेलाच राहू शकतो आणि ते तुम्हाला पुन्हा फोन करतात.

एक चकवा मला आख्ख्या रविवारी पुरला. पायथॉनचा साधा घरगुती सर्व्हर लॅपटॉपवर चालू करून फोनवर पेज बघायची सोय बरेच जण वापरतात. अँड्रॉइडवर व्हिडिओ चालला, आयफोनवर नाही. फाइलमध्ये दोष नव्हता. सफारी आधी फाइलचे फक्त पहिले दोन बाइट मागून बघते. सर्व्हरने तुकडा दिला तरच पुढे जाते. तुकडा मिळाला की उत्तराचा आकडा २०६ असतो. पायथॉनच्या त्या साध्या सर्व्हरला तुकडे करता येत नाहीत, तो पूर्ण फाइल हातात ठेवतो आणि सफारी पाठ फिरवते. तीच फाइल खऱ्या होस्टिंगवर ठेवली की चालते. तेव्हा आयफोनची चाचणी चढवल्यावरच करा, माझा रविवार वाया गेला तसा तुमचा घालवू नका.

जिफ, आणि कोडने केलेलं

जिफ १९८७ चा आहे. एका फ्रेमला २५६ रंग, आवाज नाही, आणि फाइल अवाढव्य: माझ्या उंदराचा जिफ १९ एमबी झाला, तोही लहान मापात. त्यात वेळ शंभरांश सेकंदात मोजतात, त्यामुळे सेकंदाला नेमक्या २४ फ्रेम बसतच नाहीत. शिवाय दोन फ्रेममधला वेळ शून्य किंवा १ शंभरांश लिहिला, तर ब्राउझर तो १० शंभरांश धरतात. म्हणजे जास्तीत जास्त वेगाने पळावा म्हणून शून्य लिहायचं आणि उंदीर रांगायला लागतो. व्हॉट्सॲपवर ज्याला आपण जिफ म्हणतो, तोही आतून छोटा एमपीफोरच असतो. जिफ घ्या तो फक्त जिथे व्हिडिओ टॅग चालतच नाही तिथे, उदाहरणार्थ ईमेलमध्ये, आणि बनवताना 'लूप फॉरएव्हर' वर टिक करायला विसरू नका.

कोडने हलणाऱ्या गोष्टींत सगळ्यात फसवी चूक वेगाची. दर फ्रेमला चित्र पाच पिक्सेल सरकव, असं लिहिलं तर सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या स्क्रीनवर ते बरोबर चालतं आणि १२० वाल्या महागड्या फोनवर दुप्पट धावतं. किती वेळ गेला ते मोजून त्या प्रमाणात सरकवा. एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेलं चित्र, इमेज टॅगने घातलं तर त्यातली सीएसएसची हालचाल चालते, पण स्क्रिप्ट चालत नाही आणि बाहेरचा फॉन्टही उतरत नाही. तुमचं सुंदर वळणदार शीर्षक मग फोनच्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये दिसतं. लॉटी या कोडने चालणाऱ्या ॲनिमेशनच्या प्रकारात तर देवनागरी मजकूर मजकूर म्हणून ठेवूच नका, जोडाक्षरं तुटू शकतात, वेलांट्या भलतीकडे जाऊ शकतात. दोन्हीकडे उपाय एकच: अक्षरांचे आकार करून घ्या.

आमचा उंदीर त्या रात्री दीड वाजता दुरुस्त झाला. ४:२:०, अनुक्रमणिका पुढे, ध्वनी वगळून १.६ एमबी. पाटी कोरी ठेवली आणि तारीख पेजवर वेगळी लिहिली. यंदा जुलैत काकांचा पुन्हा फोन आला. "तोच उंदीर चालेल गं, फक्त तारीख बदल. आणि वेळ साडेसहा कर." मी तेव्हा बसस्टॉपवर उभी होते. बस यायच्या आत फोनवरूनच पेजची एक ओळ बदलली.